लाईनवर राहा, ती येतीय

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी इतकी वर्षं आहे ती निव्वळ करमणुकीसाठी. घाटात लिफ्ट मागणारी बाई, चिंचेखाली विडी ओढणारा म्हातारा... सगळं वाचते आणि हसते. दोन-तीनदा खाली खवचट कमेंट टाकून लोकांच्या शिव्याही खाल्ल्यात. आमच्या घरात देव आहेत, पण अंगारे-धुपारे नाहीत. माझे वडील तर कुणी ‘बाहेरचं झालंय’ म्हणालं की म्हणायचे, "आधी रक्त तपासून ये, मग बोलू." त्यांची मी लेक. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय याची माझी मलाच लाज वाटतेय. पण कुणाला सांगू? हसायचं तर हसा, तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

श्रीरामपूरहून बेलापूरला येताना, गाव लागायच्या अलीकडे पाटाच्या कडेनं एक कच्चा रस्ता आत जातो. त्या रस्त्यावर आमची वस्ती. पाच-सहा घरं आणि चहूकडे ऊस. आमचं घर अगदी शेवटचं — स्लॅबचं, तीन खोल्यांचं, पुढे पत्र्याचा गोठा. भुतानं राहावं असं त्यात काहीही नाही. माणसानं राहावं असंही फारसं नाही, पण ते असो.

मी पुण्यात नोकरीला होते. पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीच्या कस्टमर केअरला. महाराष्ट्रभरातून शेतकरी फोन करतात, मोटर पाणी उचलेना, स्टार्टर सारखा ट्रिप होतोय, मेकॅनिक येतो म्हणाला आणि आला नाही... मोटर बिघडवायची कंपनीनं आणि शिव्या खायच्या आम्ही. लग्न झालं होतं, टिकलं नाही, तो विषय वेगळा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझे वडील — सगळी वस्ती त्यांना आण्णा म्हणते, मीही — एकटेच इथे राहायचे. आणि एका उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे पुरती गेली. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना समजतं बऱ्यापैकी, पण शब्द जुळत नाहीत. हो-नाहीचाही गोंधळ होणार." होतोच. "चहा देऊ?" म्हटलं की मान हलते. "चहा नको ना?" म्हटलं तरी तशीच हलते. पाटी-पेन्सिल दिली तर डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या. आणि हा माणूस बोलण्यासाठी प्रसिद्ध हो! मार्केटला कांदा घेऊन गेले की कांदा दुपारच्या आत विकून मोकळे, पण गप्पा मारून घरी यायला दिवेलागण. त्या माणसाच्या तोंडातून आता एक अक्षर नाही. मी पुण्याहून सामान गुंडाळून आले ती अशी.

नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं. आमच्या टीम लीडर रेवती मॅडम — शिस्तीच्या, बोलणं अगदी मोजूनमापून, पण बाई न्यायाची — त्यांनी वरती बोलून घरून काम करायची परवानगी काढली. अट एकच. घरी वायरवाला फोन पाहिजे. आमची सिस्टिम आधी आमच्या फोनवर रिंग देते आणि मग गिऱ्हाइकाला त्याच लाईनवर जोडते, सगळं रेकॉर्ड होतं. मोबाईलवर ते चालत नाही. आणि वस्तीवर मोबाईल तसाही ऊस गुडघ्याएवढा आहे तोवरच चालतो. ऊस डोक्यावर गेला की गच्चीवर जाऊन हात वर करून उभं राहायचं.

एकेकाळी आमच्याकडे टेलिफोन होता. पण रस्त्याच्या कामात त्याची केबल केव्हाच उखडली गेली आणि डबडं भंगारात गेलं. आता गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घ्यायचं, त्याच्या बॉक्सला नेट आणि फोन दोन्ही. त्याचा माणूस आला, कमरेवर हात ठेवून उसाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, तुमची वस्ती लई आत हाय. खांबच न्हाईत. वायर टांगू कशावर?"

"माझ्या डोक्यावर टांगा," मी म्हणाले. "पण सोमवारच्या आत टांगा."

टांगली बिचाऱ्यानं. थोडी लाईटच्या खांबावरून, पुढे लिंबावरून, पुढे चुलतभावाच्या बोअरच्या लोखंडी पाइपावरून. आमचं रान तोच वाट्यानं करतो, त्यामुळे तो काही बोलला नाही. पण कारखाना सुरू झालेला. दुसऱ्याच दिवशी उसाची ट्रॉली आली, एवढी उंच भरलेली, आणि वायर घेऊन गेली. पुन्हा टांगली. पुन्हा ट्रॉली. तिसऱ्यांदा मी स्वतः रस्त्यात उभी राहिले आणि वेळू बांधून वायर उंच करून घेतली. बॉक्स बसवला आण्णांच्या खोलीत, कारण इन्व्हर्टरचं कनेक्शन तिथेच होतं आणि माझी नजरही तिथेच पाहिजे होती. हे नीट लक्षात घ्या — वायर नवी, बॉक्स नवा, फोन नवा, नंबर नवा. आधी कुणाचा होता वगैरे भानगड नाही, मी चौकशी केलीय.

टेबल मी आण्णांच्या खाटेच्या पायथ्याशी लावलं. म्हणजे मी बोलताना ते माझ्याकडे बघत असायचे. सकाळी लॉगिन, मध्ये जेवणाची सुट्टी, संध्याकाळी लॉगआउट. सुट्टीत आण्णांना भाकरी दुधात कुस्करून भरवायची, तोंड पुसायचं, कूस बदलायची, की झाली सुट्टी. माझं आपलं लॉगआउटनंतर काय असेल ते.

आता मूळ दुखणं सांगते. दुपार कलली की आण्णा डावा हात उचलायचे. रोज. हात थरथरत वर यायचा, माझ्या दिशेनं जायचा, मग स्वतःकडे वळायचा, मध्येच दम संपून छातीवर पडायचा. पुन्हा उचलायचे. तोंड उघडायचे, गळ्यातून नुसता वारा. मी म्हणायचे, "पाणी?" पाणी द्यायचे, तर ओठ मिटून घ्यायचे. दूध, केळं, पेज... घास जिभेनं बाहेर. पंखा कमी, पंखा जास्त, भांडं, गोधडी, खिडकी. एकदा वाटलं आईची आठवण येत असेल, म्हणून भिंतीवरचा आईचा फोटो काढून हातात दिला. त्यांनी तो बघितला, हळूच बाजूला ठेवला आणि पुन्हा हात उचलला. एकदा वाटलं जमिनीचं काही सांगायचंय, चुलतभावाला बोलावून उभं केलं. त्याच्याकडे तर बघितलंही नाही. शेवटी चिडून त्यांच्या डोळ्यातून पाणी यायचं, आणि मग माझ्याही.

तुम्हाला काय सांगू ते कसं असतं! समोर माणूस आहे, त्याला काहीतरी हवंय, रोज त्याच वेळी, जीव तोडून मागतोय, आणि आपण येड्यासारखं नुसतं वाट्या-भांडी पुढे करतोय. मला नोकरी नको होती, पैसा नको होता. एकदा फक्त कळू दे काय हवंय, एवढंच मागणं होतं देवाकडे. मी, जी देवाला एरवी फार त्रास देत नाही.

हात उठला की मला फोन सोडून उठावं लागायचं. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "सर, कृपया लाईनवर राहा, मी माहिती तपासते," आणि म्यूटचं बटण दाबायचं. होल्डचं संगीत आमच्या सिस्टिमला नाही, समोरच्याला नुसती शांतता. आणि शांततेत ठेवलेला शेतकरी परत आल्यावर काय बोलतो हे मी इथे लिहू शकत नाही, ॲडमिन पोस्ट उडवतील.

पण इथे आल्यापासून काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. मी परत यायचे, "धन्यवाद सर, लाईनवर राहिल्याबद्दल," आणि समोरचा माणूस गोड! "असू द्या ताई, काय घाई न्हाई." "व्हय व्हय, तुमचं आवरा आधी." मला वाटलं गावाकडून बोलतेय म्हणून माझाच आवाज मऊ झाला असेल. मग एक जण म्हणाला, "वडील लई मायाळू हायेत बघा तुमचे." मी म्हटलं, सर, तुम्हाला कसं माहीत? तर तो हसला, "आत्ताच न्हाई का बोललो." मी समजले, क्रॉस कनेक्शन. दुसऱ्या कुणाशी तरी जोडला गेला असेल थोडा वेळ.

आणि एक गोष्ट, जी तेव्हा माझ्या डोक्यातच शिरली नाही. फोन ठेवताना ही माणसं विचारायला लागली, "ताई, जेवलात का?" आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे हे कोण विचारत नाही? कंडक्टर विचारतो, तलाठी विचारतो, भांडायला आलेला माणूससुद्धा आधी जेवलात का विचारतो आणि मग भांडतो. मी आपली ठरलेलं उत्तर द्यायचे, "हो सर, झालं. आणखी काही मदत करू शकते का?"

मग एका रविवारी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे आण्णांची धाकटी बहीण, श्रीरामपुरात असते. बोलता बोलता मला दूध उतू गेल्याचा वास आला. "थांब गं आत्या," म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि पळाले. दूध गेलंच होतं, ओटा पुसून परत आले, रिसीव्हर कानाला लावला, तर आत्या हमसून हमसून रडतेय.

"काय झालं गं?"

"आण्णा बोलला गं माझ्यासंगं..."

"आत्या, काहीतरी बोलू नकोस."

"अगं, सगळं नीट बोलला! हुता तसाच आवाज. म्हनला, लाईनवर राहा, ती दुधाला गेलीय, येतीय. मग माझ्या गुडघ्याचं विचारलं, पावसाचं विचारलं. तू आलीस आन् गप बसला."

मी वळून बघितलं. आण्णा खाटेवर, तोंड मिटलेलं, नजर फोनवर. खोलीत पंख्याचा आवाज.

"आणखी काय म्हणाले? दुपारचं काही म्हणाले? त्यांना काय हवंय ते?"

"तसलं काय न्हाई. माझंतुझं, जेवनखान, हेच आपलं. तू जेवलीस का गं?"

"आत्या, जेवणाचं काय घेऊन बसलीस!" मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर.

मग आत्यानंच आठवण करून दिली. त्या जुन्या टेलिफोनच्या काळात वस्तीवर फोन एकट्या आमच्याकडे होता. सगळ्या वस्तीच्या पाहुण्यारावळ्यांकडे आमचाच नंबर, पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहून, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतील. कुणाच्या मुंबईच्या पोराचा, कुणाच्या सासरी गेलेल्या लेकीचा फोन यायचा, मग कुणीतरी रानातून बोलावून आणायला पळायचं. तिकडच्याचं मीटर फिरत असायचं, म्हणून दुसरी लोकं रिसीव्हर ठेवून द्यायची, ‘थोड्या वेळानं करा’ म्हणायची. आण्णांना ते पटायचं नाही. लांबून फोन केलेल्या माणसाला भिंतीशी बोलायला लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. बोलावलेलं माणूस धापा टाकत येईपर्यंत ते त्याला सोबत करायचे. "लाईनवर राहा, येतीय ती. तोवर तुमी सांगा, पाऊसपानी काय म्हनतंय?" ते माणूस आलं की रिसीव्हर त्याच्या हातात आणि आण्णा बाहेर, एक शब्द न बोलता. आत्याचं म्हणणं, तो तसाच बोलला. अगदी तसाच.

माझा विश्वास बसला असं नाही. मी चिडले. म्हटलं हे शोधून काढायचंच.

केबलवाल्याच्या माणसाला बोलावून लाईन तपासली. तो म्हणाला, "ताई, फायबरमधी क्रॉस कनेक्शन नसतंय. काचंची तार हाय ती." डॉक्टरांना विचारलं, आण्णा माझ्यामागे बोलत असतील का? त्यांनी तपासून बघितलं आणि माझ्याकडेच अशा नजरेनं बघितलं की मी उठलेच. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून खाटेखाली ठेवला, त्यात पंखा आणि पाटाच्या बाजूनं जाणारे ट्रॅक्टर. रिसीव्हर आण्णांच्या कानाला लावला, "बोला ना आण्णा, मीच आहे," म्हणून बाहेर जाऊन गच्चीवरून मोबाईलनं फोन लावला. एंगेज. रिसीव्हर उचललेला, दुसरं काय येणार! ते नुसते दाराकडे बघत राहिले असणार.

मग एके दिवशी ठरवून केलं. एक गिऱ्हाईक लाईनवर होतं, सांगोल्याकडचा माणूस, डाळिंबाची बाग. फोन स्पीकरवर टाकला, म्यूट दाबलं — लाल दिवा लागलेला मी डोळ्यांनी बघितला — आणि दाराबाहेर जाऊन फटीतून बघत उभी राहिले. थोडा वेळ काही नाही. मग स्पीकरमधून तो माणूस म्हणाला, "आं? कोन?" ... "नमस्कार, नमस्कार." ... "न्हाई, तेल्या रोग न्हाई औंदा, बरंय." ... आणि हसला. मध्ये मध्ये जेवढ्या वेळात दुसरं माणूस बोलेल, तेवढी जागा. खोलीत आवाज नाही. आण्णांचे ओठ मिटलेले, गळा हलत नाही, फक्त डोळे फोनवर आणि चेहरा... कसा सांगू, चेहरा पूर्वीचा. पुढे होऊन ऐकणारा.

मी दार ढकललं. "हां, आल्या वाटतं ताई," तो माणूस म्हणाला.

मी खाली बसले. आण्णांचा पाय धरला आणि म्हणाले, "आण्णा, सगळ्यांशी बोलता. कोण कुठला सांगोल्याचा, त्याच्याशी बोलता. माझ्याशी बोला की एकदा! काय हवंय तुम्हाला रोज दुपारी?" त्यांनी डावा हात उचलला. माझ्याकडे केला, स्वतःकडे केला, आणि तो पडला. फोनवर तो माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

भीती वाटली का, तर नाही वाटली. राग आला. सख्खी लेक मी, गू-मूत काढणारी, आणि मलाच तेवढं ऐकू येत नाही हा कुठला न्याय?

त्यानंतर काहीच दिवसांत रेवती मॅडमचा फोन आला, दुपारचाच. आवाज कोरडा. "तुमचे काही कॉल ऑडिटला आलेत. तुम्ही म्यूटवर असताना एक पुरुष गिऱ्हाइकांशी बोलतोय. तुम्हाला नियम माहीत आहे."

नियम मला माहीत होता. कामाच्या लाईनवर घरचं दुसरं कुणीही बोललं की त्याच दिवशी नोकरी बंद, चर्चा नाही.

"मॅडम, घरात दुसरं कुणी नाही."

"मग हे कोण आहेत?"

"माझे वडील असतील. पण मॅडम, त्यांना बोलता येत नाही."

त्या म्हणाल्या, "मी इथे स्वतः ऐकतेय. तुम्हीही ऐका," आणि रेकॉर्डिंग लावलं.

आधी माझा आवाज, "सर, कृपया लाईनवर राहा." मग नुसती खरखर. मग गिऱ्हाइकाचा आवाज. जामखेडचे म्हातारे गृहस्थ होते, मला आठवले. "कोन बोलतंय?" खरखर. "असं व्हय. असू द्या, असू द्या." खरखर. "माझी बी लेक तशीच हाय." खरखर. "पीक बरं हाय. तुमची तब्येत कशी हाय?" पुन्हा खरखर, बरीच लांब. आणि ते हसले, मग म्हणाले, "मग सांगा ना तिला." खरखर. "अरारा..." आणि मग माझा आवाज, "धन्यवाद सर, लाईनवर राहिल्याबद्दल."

"आलं लक्षात?" रेवती मॅडम म्हणाल्या. "अगदी स्पष्ट आहे."

"मॅडम, मला फक्त त्या गृहस्थांचं ऐकू आलं. मध्ये काहीच नाही."

"हे बघा, नाटक नको. इतकं स्वच्छ ऐकू येतंय."

आणि मी रडायला लागले. कॉल सेंटरमध्ये इतकी वर्षं काढलेली बाई मी, शिव्या खाऊन पुढचा कॉल हसत घेणारी, आणि मॅडमसमोर फोनवर हुंदके देत होते. "मला काढून टाका मॅडम, चालेल, आजच काढा. पण ते काय म्हणतात तेवढं सांगा. मला ऐकू येत नाही हो. एकदा सांगा. तुमच्या पाया पडते."

नाटक करणारी बाई आणि खरं रडणारी बाई यांतला फरक त्यांना कळत असावा, दिवसभर त्याही आवाजच ऐकतात. मग टक् असा आवाज झाला. त्यांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं होतं. एक वाक्य ऐकायच्या, थांबवायच्या आणि मला सांगायच्या. त्यांच्या त्या स्वच्छ पुणेरी जिभेनं, चाचरत, शाळेत धडा वाचल्यासारखं.

"ते म्हणतायत... ‘लाईनवर राहा, ती येतीय. मला पानी पाजाया उठलीय.’" थांबल्या. "‘तिच्यावर रागावू नका. बोलनं जरा तिखट हाय, पन पोरगी लई गुनाची हाय.’"

मी तोंडावर हात धरला.

"मग ते त्या गृहस्थांच्या पिकाचं विचारतात. मग गृहस्थ विचारतात, तुमची तब्येत कशी. तर म्हणतात... ‘माझं काय, मी पडून. एकच गोष्ट सांगायचीय तिला, तीबी जमना. दुपार कलती तरी पोरगी उपाशी. मी हात करतो तिला, जेव म्हनतो. तर उठून मलाच भरवती.’" रेवती मॅडमचा आवाज खाली आला. "‘तोंड मिटलं की रडती. ती रडती म्हून मग मीबी रडतो.’ इथे ते गृहस्थ म्हणतात, मग सांगा ना तिला."

"आणि आण्णा?"

"म्हणतात... ‘सांगतोच की. रोज सांगतो.’"

मी पदरानं डोळे पुसले. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मॅडम, आवाज कसा आहे हो त्यांचा?"

त्या विचार करून म्हणाल्या, "निवांत आहे. घाई नाही अजिबात. बाजेवर बसून बोलल्यासारखा." आणि मग, "मी रिपोर्टमध्ये लाईनचा दोष लिहिते. तुम्ही जा आणि जेवा."

मी वळले तेव्हा आण्णांचा हात वरच होता. स्वयंपाकघरात गेले, सकाळची भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात घेतली, त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले. पहिला घास घेतला. हात खाली आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो पडला नाही, त्यांनी तो आपणहून खाली ठेवला. भूक मरून गेली होती. पण बघत होते ना ते! सगळी भाकरी खाल्ली, रडत रडत खाल्ली, आणि ते शेवटच्या घासापर्यंत बघत होते.

आता रोज दुपारी त्यांच्यासमोर जेवते. हात उठत नाही. त्यांची तब्येत आहे तशीच आहे. नोकरी आहे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांकडे नाही, केबलवाल्याकडे नाही, रेवती मॅडमना पुन्हा विचारलं तर त्या विषय बदलतात. ते रेकॉर्डिंग कंपनीच्या नियमाप्रमाणे बाहेर देता येत नाही, आणि दिलं तरी मला त्यात खरखरच ऐकू येणार. आत्या म्हणते, त्याला सांगायचं होतं ते सांगून झालं. मला ते पटत नाही. आण्णांचं सांगून झालंय असं जन्मात कधी झालं नव्हतं.

पण त्या दिवसापासून लाईनवर कुणालाच काही ऐकू आलेलं नाही. गिऱ्हाइकांनी वडिलांचा विषय काढला नाही. आत्यानं कितीदा फोन करून मला मुद्दाम रिसीव्हर ठेवायला लावला, काही नाही. परवा मीच एकाला विनाकारण म्यूटवर ठेवलं, "सर, लाईनवर राहा" म्हटलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले, चांगला वेळ गेल्यावरच परत आले. तो माणूस आईबहिणीवरून शिव्या देत होता. मी ऐकून घेतल्या. आण्णा खिडकीकडे बघत होते. मी म्हणाले, "माफ करा सर, तुम्हाला एकटं ठेवलं," आणि त्याच्या मोटरचा नंबर विचारला.